घोड्याचा दिवस : अश्वकल्याणाच्या अभ्यासाला प्रस्तावना

घोडा दुखणे लपवतो. खुरात खडा रुतला तरी चालत राहतो, पोटात कळ उठली तरी बराच वेळ नुसती मान वळवून कुशीकडे पाहतो, अंगात ताप असला तरी पाठीवर खोगीर चढवू देतो. मोकळ्या माळावर शिकारी जनावरांच्या नजरेसमोर जगलेल्या या प्राण्याच्या ते रक्तातच आहे. कळपात जो लंगडताना दिसतो, लांडग्याचे लक्ष आधी त्याच्याकडे जाते. त्यामुळे घोड्याशेजारी उभ्या असलेल्या आणि त्याच्यावर मनापासून जीव असलेल्या माणसालाही त्याचे दुखणे दिसेलच असे नाही. अश्वकल्याणाच्या अभ्यासाची गरज इथून सुरू होते. दया पुष्कळांच्या मनात असते. पाहायचे कसे, हे मात्र शिकावे लागते, आणि सुदैवाने ते शिकवता येते.

या अभ्यासात यायला दारात घोडा बांधलेला असावा लागत नाही. पशुवैद्यकाचा विद्यार्थी, कायद्याची अभ्यासक, माथेरानचा अश्वपाल, वीटभट्टीवरच्या मुलांना शिकवणारी शिक्षिका, पालखीच्या बंदोबस्तावर असलेला हवालदार या सगळ्यांना इथे जागा आहे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याला न दिसणारे काहीतरी दिसते. नालबंदाला खुरावरून घोड्याचे मागचे दोन महिने वाचता येतात. डॉक्टरला हिरड्यांचा रंग वाचता येतो. घोडा रात्री बसला की नाही, हे तबेल्यात झोपणाऱ्या मोतद्दारालाच ठाऊक असते. हे सगळे ज्ञान एकत्र आणणे हे आपले काम आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. क्रौर्य रोखणे ही एक, कल्याण साधणे ही दुसरी. पहिलीचा इतिहास कायद्याचा आहे. आयर्लंडमधल्या गॉलवेचे खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने १८२२ साली ब्रिटिश संसदेने घोडा, खेचर, गाढव, गाय-बैल, मेंढ्या यांना निर्दयपणे वागवणे हा गुन्हा ठरवला. दोनच वर्षांनी लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. मुंबईतली तशी संस्था १८७४ची, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्यानंतरच्या दशकातले. ज्या मुंबईत ट्रामही घोडे ओढत होते, त्या मुंबईने हे रुग्णालय उभे केले, ही या शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे. स्वतंत्र भारतात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आला. त्याच्या कलम ११ मध्ये मारणे, लाथाडणे, अति दामटणे, अति ओझे लादणे हे सारे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होते. आज तेवढ्यात घोड्याचा एक वेळचा चाराही येत नाही, आणि तरीही रक्कम तीच आहे. हे मला लाजिरवाणे वाटते.

पण दंड उद्या हजारपट झाला तरी दुसरा प्रश्न उरतोच. कायदा विचारतो, या घोड्याला कोणी काय केले? कल्याणाचा अभ्यास विचारतो, या घोड्याचा दिवस कसा जातो? चाबूक दिवसातून चार वेळा लागत असेल. उपाशी पोट, आखूड दोरी, पाठीवरची ओली जखम आणि कठीण फरशी चोवीस तास असतात. घोड्यांच्या वाट्याला येणारे बहुतेक दुःख कोणी मुद्दाम दिलेले नसते. ते नकळत दिलेले असते, सवयीने दिलेले असते, आणि पुष्कळदा गरिबीतून आलेले असते.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वविद्येची परंपरा, नकुलाच्या नावावरची अश्वचिकित्सा, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ हे ग्रंथ घोड्याची परीक्षा, आहार, ऋतुमानाप्रमाणे निगा आणि रोग यांचा बारकाईने विचार करतात. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याच्या लांबीच्या दुप्पट रुंद अश्वशाळा बांधावी असे सांगितले आहे. उपचारातल्या हयगयीमुळे दुखणे वाढले, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंडही तिथे आहे. घोडा दगावला तर त्याची किंमत वसूल. राजाला घोडा लढाईसाठी हवा होता, हे खरे. पण मालकाच्या हितातून का होईना, घोड्याची निगा ही जबाबदारी आहे आणि तिचा हिशेब मागता येतो, ही कल्पना तिथे स्पष्ट आहे. हे ग्रंथ पूजेला ठेवू नयेत; त्यातल्या आहाराच्या आणि औषधांच्या गोष्टी आजच्या ज्ञानावर तपासून घ्याव्यात, टिकेल ते ठेवावे.

आता घोड्याच्या शरीराकडे येऊ, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. घोडा हा चरणारा प्राणी आहे. मोकळा सोडला तर तो दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे खात हिंडतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचे, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असते, पोटात काही असो वा नसो. हे आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणजे ज्या घोड्याला सकाळी एक तोबरा आणि रात्री एक तोबरा चंदी मिळते आणि मधले दहा तास तोंड रिकामे असते, त्याचे जठर आतून भाजत असते. रिकाम्या पोटी दौडवले तर ते आम्ल जठराच्या वरच्या, नाजूक भागावर उसळते. मालक म्हणतो, मी त्याला चणे घालतो, भरडा घालतो, गूळ घालतो. तो खोटे बोलत नाही. घोड्याची गरज मात्र साध्या सुक्या चाऱ्याची असते, वजनाच्या निदान दीड टक्का रोज, म्हणजे तीनशे किलोच्या तट्टाला साडेचार किलो कोरडा चारा, आणि तो दिवसभर विभागून. कामाला जुंपण्याआधी दोन मुठी कडबा चावू दिला तरी फरक पडतो. याला खर्च जवळजवळ नाही. फक्त कारण माहीत हवे.

घोड्याला ओकता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. पोटात गेलेले पुढेच जाते किंवा अडकते, आणि अडकले की पोटशूळ. पर्यटकांनी प्रेमाने भरवलेली पावाची चळत, लग्नातल्या उरलेल्या पुऱ्या, एकदम वाढवलेली चंदी यांतून हा जीवघेणा प्रसंग ओढवतो. दमून आलेल्या घोड्याला पाणी पाजू नये ही समजूत अजून ठिकठिकाणी आहे. तिने किती घोड्यांना तहानलेले ठेवले असेल, कोण जाणे. थोडे थोडे, वारंवार पाणी दमलेल्या घोड्याला हवेच असते. घामावाटे त्याचे पाणी आणि क्षार दोन्ही गेलेले असतात.

झोपेचीही तीच गोष्ट. घोडा उभ्याने डुलकी घेतो, त्याच्या पायांच्या रचनेत गुडघे अडकवून ठेवण्याची सोय आहे. म्हणून लोकांना वाटते त्याला आडवे व्हावे लागत नाही. पण गाढ झोप, जिच्यात स्नायू पूर्ण सैल पडतात, ती त्याला आडवे पडल्याशिवाय लागत नाही, आणि अशी अर्धा-पाऊण तास तरी त्याला लागते. अगाडी-पिछाडी आखूड बांधलेला, ओल्या दगडी फरशीवर उभा ठेवलेला घोडा आठवडेच्या आठवडे ही झोप घेत नाही आणि मग एक दिवस उभ्याउभ्या पुढच्या गुडघ्यांवर कोसळतो. त्या गुडघ्यांवरचे जुने व्रण पाहून बहुतेक जण ठेच लागली असे समजतात.

अशी चिन्हे वाचण्याच्या पद्धती आता बऱ्यापैकी पक्क्या झाल्या आहेत. अंगावरच्या मांस-चरबीला एक ते नऊ गुण देण्याची पद्धत १९८३ साली मांडली गेली. फासळ्या, पाठ, शेपटीचे मूळ, मान यांवर हात फिरवून कोणालाही ती शिकता येते. २०१४ मध्ये इटलीतल्या मिलानच्या संशोधकांच्या पुढाकाराने घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार झाली. मागे ताठ वळलेले कान, आवळलेली पापणी, डोळ्याच्या वर उमटणारा ताण, चावण्याच्या स्नायूंचा फुगवटा, घट्ट ओठ आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या ही सहा ठिकाणे. ही पट्टी घेऊन पंधरा मिनिटे घोड्यांच्या तळावर उभे राहिले, तर एरवी ‘शांत’ वाटणारे कितीतरी घोडे शांत नसून सोसत आहेत असे दिसू लागते. पुढच्या सगळ्या अभ्यासाआधी विद्यार्थ्याने हा एक अनुभव घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

विचारांची चौकटही गेल्या काही दशकांत बदलली. ब्रिटनमध्ये १९६५ साली आलेल्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालातून पुढे ‘पाच मुक्तता’ आकाराला आल्या : भूक-तहान, गैरसोय, वेदना व रोग, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात त्यांचा आधार घेतला, त्यामुळे भारतीय वाचकाला त्या परक्या राहिलेल्या नाहीत. या मुक्ततांनंतर न्यूझीलंडच्या डेव्हिड मेलर यांनी पुढे आणलेली ‘पाच क्षेत्रां’ची मांडणी आणखी एक पाऊल टाकते : त्रास नसणे एवढ्यावर ती थांबत नाही, सोबत, चरणे, लोळणे, एकमेकांची मान खाजवणे अशी सुखे घोड्याच्या वाट्याला येतात का, हेही विचारते. ही दुसरी मांडणी मला अधिक न्याय्य वाटते.

पण ज्ञान कोणाच्या हाती द्यायचे? या प्रश्नावर या क्षेत्रातली सर्वांत बोलकी कहाणी कैरोची आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याचे हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले गेले. १९३० साली डोरोथी ब्रुक या बाई कैरोला आल्या. त्यांचे पती तिथल्या ब्रिटिश घोडदळाच्या ब्रिगेडचे प्रमुख होते. ते जुने लढाऊ घोडे त्यांना खाणींत आणि गाड्यांना जुंपलेले, हाडांचे सापळे झालेले आढळले. १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठवले, आणि त्यांनी हजारो घोडे विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके मोडलेले होते, की काही दिवस विश्रांती आणि पोटभर चारा देऊन त्यांना वेदनेशिवाय मरण देणे एवढेच हाती होते.

इथपर्यंत ही करुणेची गोष्ट आहे. तिचे महत्त्व पुढच्या पावलात आहे. एक मरतुकडा घोडा विकत घेतला की त्याचा मालक त्याच पैशांत दुसरा आणतो, आणि त्या दुसऱ्याचा दिवस पहिल्यासारखाच जातो, हे ब्रुकबाईंच्या ध्यानात आले. १९३४ साली त्यांनी कैरोत रुग्णालय काढले, ते कष्टाच्या जनावरांवर मोफत उपचार करण्यासाठी, म्हणजे मालक गरीब आहे हे गृहीत धरून. आज त्यांच्या नावाची संस्था भारतातही काम करते. इथल्या वीटभट्ट्यांच्या आणि टांग्यांच्या वस्त्यांत मालकांचे आणि बायकांचे गट बसवून ‘मी घोडा असतो तर मालकाकडून काय मागितले असते’ हे त्यांच्याच तोंडून काढून घ्यायची रीत वापरली गेली आहे. मालक स्वतः यादी करतात : वेळेवर पाणी, सावली, जखमेवर औषध, मार नको. मग तीच यादी हातात घेऊन एकमेकांच्या घोड्यांची तपासणी करतात. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने हेच सांगितले असते, तर कोणी ऐकले नसते.

बाहेरून येणारा हुकूम आणि मालकाचा सहभाग या दोन टोकांमधली ओढाताण महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या मौजेसाठी चालवणे बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला आणि त्या बंद करायला एक वर्षाची मुदत दिली. डांबरावर, वाहनांच्या गर्दीत, धड तबेला नसताना चालणाऱ्या त्या गाड्या थांबायलाच हव्या होत्या, याविषयी माझ्या मनात शंका नाही. न्यायालयाने गाडीवानांच्या पुनर्वसनाचाही विचार केला, आणि काही वर्षांनी विजेवरच्या गाड्या रस्त्यावर आल्या. मात्र बंदीच्या प्रत्येक बाबतीत अभ्यासकाने घोड्याच्या पाठोपाठ जायला हवे : काम संपलेला घोडा कोणाच्या दावणीला गेला, तिथे त्याला चारा कोण घालतो, म्हातारपणी त्याचे काय होते. बंदीचा आदेश ज्या दिवशी निघतो, त्या दिवसापासून कल्याणाचे काम वाढते.

माथेरान हा याहून गुंतागुंतीचा पाठ आहे. मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे घोडा हे वाहन आहे, रोजगार आहे आणि त्या गावाची ओळखही आहे. दस्तुरी नाक्यावर उभे राहून पाहावे. चढाच्या वाटा, तांबडी माती, शनिवार-रविवारची झुंबड. रस्त्यांना पेव्हर ब्लॉक बसवण्यावरून तिथे वाद झाला, तेव्हा अश्वपालांचे म्हणणे होते की लोखंडी नालेचा घोडा त्यावर घसरतो. हातरिक्षा ओढणाऱ्यांना मात्र सपाट रस्ता हवा होता आणि मातीची धूपही थांबायला हवी होती. इथे कोणी खलनायक नाही. खुराची पकड, उताराचा कोन, पावसाचे पाणी आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांचा विचार रस्ता आखतानाच व्हायला हवा, एवढाच त्याचा अर्थ, आणि रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यालाही या विषयात स्थान आहे ते यासाठी.

ओझ्याचा प्रश्नही तिथे डोळ्यांसमोर येतो. ओझी वाहणाऱ्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवर सत्तर किलो, खेचरावर दोनशे आणि गाढवावर पन्नास किलो अशी कमाल मर्यादा आहे. दिवसाला एकूण नऊ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नाही, तापमान सदतीस अंशांच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही. काटेरी किंवा टोचणारे कडियाळे वापरणे याच नियमांनी निषिद्ध आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, असा एक सर्वसाधारण ठोकताळा अभ्यासक वापरतात. अडीचशे-तीनशे किलोच्या तट्टाला तो पन्नास ते साठ किलो येतो. धष्टपुष्ट पर्यटकाला ‘तुम्ही चालत चला’ म्हणायचे धाडस पोट हातावर असलेल्या घोडेवाल्याला कसे व्हावे? तिथे वजनकाटा आणि दरपत्रक लावणे हे नगरपरिषदेचे काम आहे. एकट्या घोडेवाल्याच्या सदसद्विवेकावर ते सोपवणे अन्याय आहे.

लग्नाच्या वरातीतला घोडा, शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा, केदारनाथच्या चढावरची खेचरे यांविषयी पुढे सविस्तर येईलच. एका घोड्याविषयी मात्र इथेच लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तो कोणालाच दिसत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषांची अल्प मात्रा टोचून घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार केली जातात आणि त्यातून सर्पदंशावरचे औषध बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. कोकणात, मराठवाड्यात भाताच्या वा उसाच्या शेतात साप चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिवंत घरी येतो, त्यात या घोड्यांच्या रक्ताचा वाटा असतो. किती दिवसांनी, किती रक्त घ्यायचे, तांबड्या पेशी परत द्यायच्या की नाही, टोचलेल्या जागी गळू झाले तर काय करायचे, थकलेला घोडा कधी सोडून द्यायचा, हे प्रश्न आपल्या सगळ्यांचे आहेत. या घोड्यांचे ऋण आपल्या समाजाने अजून नीट मान्यही केलेले नाही.

श्रद्धेचाही या अभ्यासाला आधार आहे. पालखी सोहळ्यात माउलींचा अश्व अंकलीहून आळंदीला येतो, रिंगणात धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. ज्या समाजात घोड्याला हे स्थान आहे, तिथे गर्दीत त्याला किती जणांनी हात लावावा, त्याच्याभोवती किती अंतर राखावे, धावण्याआधी त्याला कधी पाणी मिळावे, हे सांगणारा माणूस परका ठरणार नाही.

एकीकडे घोडेच कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास आली. गाढवे आणि खेचरे तर निम्म्याहूनही खाली घसरली. काम यंत्रांकडे गेले, ही घट त्यातून आली. तिच्यात वाईट काहीच नाही. मात्र घोड्यांबरोबर नालबंद, खोगीर शिवणारे आणि मोतद्दारही नाहीसे होतात, आणि उरलेल्या घोड्यांना चुकीची नाल आणि न बसणारे खोगीर मिळू लागते. भीमा खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याकडे आता स्वतंत्र जात म्हणून लक्ष जाऊ लागले आहे. त्याच खोऱ्यातल्या जुन्या नालबंदाकडेही कोणीतरी वही घेऊन जायला हवे.

नव्या अभ्यासकाला कुठून सुरुवात करावी असे विचारले, तर मी तीन ठिकाणे सांगेन. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार, मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार, आणि हंगामातला कोणताही एक दिवस माथेरान. तिथे जाताना उपदेश नेऊ नये. थर्मामीटर, मोजपट्टी, खूर साफ करायचा हुक आणि वही न्यावी. आधी मालकाची परवानगी मागावी, त्याच्या धंद्याची, कर्जाची, चाऱ्याच्या भावाची चौकशी करावी, आणि मग घोड्याच्या डाव्या बाजूने, त्याला दिसेल असे, हळू पुढे जाऊन हात प्रथम खांद्यावर ठेवावा. तिथून पाठीपर्यंत, तंगाच्या जागेपर्यंत, चारही खुरांपर्यंत जावे आणि जे हाताला लागेल ते लिहून घ्यावे. पहिले प्रकरण याच तपासणीचे आहे.